लबाड ठरलेला पंच

धाकट्याला फुकट्या लोकांचा मनापासून तिटकारा होता. दिवसातून एकदा तरी तो हे कुणाला ना कुणाला ऐकवायचाच, आणि ऐकवायचा तो वडिलांच्या घराच्या तळमजल्यावर, भाड्याचं नावही न काढता थाटलेल्या ऑफिसात बसून. समोर वडिलांचंच टेबल, डोक्यावर वडिलांचाच पंखा. त्या पंख्याखाली बसून तो असे काही तारे तोडायचा की नव्याने लागलेल्यांना वाटावं, हा माणूस श्वाससुद्धा पावती फाडून घेत असेल.

ताई त्याची थोरली बहीण. कंपनी दोघांची होती. म्हणजे गेम ताईने लिहिला होता आणि दारावरची पाटी धाकट्याने. पाटीवर त्याचं नाव वर होतं याचं तिला काही नव्हतं, पाटी वाचायला येतंय कोण? तिचं म्हणणं एवढंच, की आपण काय बनवतो आणि ते कशाच्या जिवावर उभं आहे, हे पाटीवाल्याला ठाऊक असावं. ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलाखती मात्र तोच द्यायचा.

गेमचं नाव 'गोदी'. दोन टोळ्या, दोन जहाजं आणि मधे एकच धक्का. ज्या टोळीचं जहाज आधी भरून निघेल ती जिंकली. टोळीत चार जण: एक क्रेनवर, दोघे दोरखंडांवर आणि एक नुसता 'इकडे, तिकडे' करायला. बोलणं सगळं टाइप करून. पूर्ण गेम बाजारात यायचा होता, पण चाचणीचे सामने वर्षभर चालू होते, आणि चाचणीला आलेल्यांत एक टोळी अशी होती की तिला हरवणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. त्या टोळीच्या क्रेनवर बसायचा 'शिट्टी' नावाचा खेळाडू.

शिट्टी म्हणजे बाबा. ताईचे आणि धाकट्याचे वडील, राहायला वरच्याच मजल्यावर.

बाबा जन्मभर फुटबॉलचे पंच होते. साधेसुधे सामने, शाळांचे, कारखान्यांचे, मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे. पण त्यांच्या सामन्यात कुणाची चिडायची टाप नव्हती. निवृत्त झाले आणि पाठोपाठ कान गेले. बाबा म्हणायचे शिट्टीने गेले, डॉक्टर म्हणायचे वयाने. यंत्र लावूनही गोंगाटच ऐकू यायचा. मित्रांत जाऊन बसले तर चौघे हसायचे आणि पाचवे बाबा उगाच मान डोलवायचे. स्वतःच्या या मान डोलवण्याची त्यांना इतकी चीड आली की त्यांनी जाणंच सोडलं. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांना मनातल्या मनात पिवळं कार्ड दाखवत राहायचे.

मग ताईने त्यांना गोदीत बसवलं. तिथे कुणालाच काही ऐकू यायची गरज नव्हती.

त्यांचा कॉम्प्युटर जुना होता. ज्या कंपनीची विकतची सिस्टिम त्यावर होती, तिने एक दिवस जाहीर केलं की असली मशीन आता नव्या आवृत्तीच्या लायकीची नाहीत, जुनी आवृत्ती बंद, नवं मशीन घ्या. मशीन ठणठणीत होतं. बाबा म्हणाले, "निवृत्तीचं वय ठरवणारे हे कोण टिकोजीराव?" ताईने त्यावर खुली सिस्टिम बसवून दिली. खुली म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेली. जिचं पोट कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं आणि पुढच्याच्या हाती द्यावी. जुनं मशीन त्यावर तुरुतुरु चालायला लागलं. मग ताईने गोदीही त्या सिस्टिमवर चालेल अशी केली. त्यासाठी तिला फार काही करावं लागलं नाही. धाकट्याला मात्र तिने ते केल्याचं दुःख फार झालं.

बाबांच्या टोळीतले बाकीचे तिघेही खुल्या सिस्टिमवालेच. एक दातांची डॉक्टर, एक बेकरीवाला आणि एक 'जिना' नावाचा कुणीतरी, ज्याने स्वतःबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. यांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. पण बाबा संध्याकाळी आंघोळ करून, केस विंचरून कॉम्प्युटरपुढे बसायचे.

आणि ही माणसं गेम कसा खेळायची, ते ताईला ठाऊक होतं. जहाज एका अंगाला कललं की दोरखंड भिंतीतून आरपार जायचा. विकतच्या सिस्टिमवाल्या शेकडो खेळाडूंनाही तो दोष रोज दिसत होता. त्यांनी काय लिहून पाठवलं? 'भंगार गेम.' 'पैसे परत द्या', आणि चाचणी तर फुकट होती. बेकरीवाल्याने मात्र आधी काय केलं, मग काय झालं, पुन्हा करून पाहिलं तेव्हा काय झालं, त्या वेळी मशीनने आपल्यापाशी काय नोंदवलं, असं सगळं सविस्तर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'गेम झकास आहे, क्रेनचा आवाज तेवढा खरा वाटत नाही.' ताईने एका दुपारी तो दोष काढला. तो सगळ्याच सिस्टिमवर होता, सगळ्यांचाच गेला.

धाकट्याने यातून काय काढलं? त्याने भिंतीवर आलेख लावला. "बघ ताई, सगळ्यात जास्त तक्रारी कुणाच्या? या फुकट्यांच्या. मूठभर लोक आणि कटकट सगळ्यांत जास्त."

"अरे, त्या तक्रारी नाहीत. ते काम आहे, आणि तेही आपलं. ते करून देतायत."

"मग ते आपल्याकडे नोकरी का करत नाहीत?"

ताईने कपाळाला हात लावला. असले प्रश्न विचारून झाले की धाकटा खुर्चीत मागे रेलायचा, जणू समोरच्याला चारी मुंड्या चीत केलं.

त्यात ऑफिसात भोंगा आला. भोंगा जाहिरातीचं बघायचा. हे नाव त्याला सगळ्यांनी मनात दिलं होतं, तोंडावर त्याला 'सर' म्हणत. त्याला गेम खेळता येत नव्हता, तो खेळायची त्याला गरजही वाटत नव्हती; पण खेळणाऱ्यांना काय हवं असतं याबद्दल तो तासन्‌तास बोलू शकायचा. त्याने धाकट्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हणे, मोठे खेळाडू लबाडीला वैतागलेत, मोठ्या गेममध्ये राखणदार असतो, आपल्यातही पाहिजे.

राखणदार हा बाहेरच्या एका कंपनीकडून घ्यायचा प्रोग्रॅम होता. गेम सुरू झाला की तो खेळणाऱ्याच्या मशीनच्या अगदी आतल्या खोलीपर्यंत जायचा आणि लबाडीचं काही सामान आहे का ते बघायचा. विकतच्या सिस्टिमवर त्याला कुणी अडवत नसे. खुल्या सिस्टिमवर तो उंबऱ्याशीच थांबायचा, कारण तिथे आत कुणाला घ्यायचं हे मशीनचा मालक ठरवतो.

"ज्याला काही लपवायचं नाही, तो दार कशाला लावेल?" भोंग्याने विचारलं.

"तुम्ही बाथरूमचं दार उघडं ठेवता का?" ताई म्हणाली.

खोलीत दोघे जण हसले आणि धाकट्याने त्यांच्याकडे पाहिल्यावर मूग गिळून बसले. मग ताईने सांगायचं ते सांगितलं. याच कंपनीचा दुसरा एक राखणदार आहे, नुसता सामना बघून लबाडी ओळखणारा आणि खुल्या सिस्टिमवरही चालणारा, तो घेऊ. लबाड खेळात पकडावा, घरात शिरून नाही. आणि मुख्य म्हणजे, "आपले सर्व्हर कशावर चालतात, ठाऊक आहे ना? प्रत्येक सामना ज्या मशीनवर चालतो, ती सगळी खुल्या सिस्टिमवर आहेत. ज्यात आपण गेम लिहिला ती अवजारं खुली. चित्रं उघडणारा भाग खुला, आवाज वाजवणारा भाग खुला. कुणाला एक छदाम दिला नाही आपण. फुकटे कोण, ते एकदा ठरवू या."

"ते वेगळं," धाकटा म्हणाला.

"वेगळं कसं?"

"ते आपण वापरतो."

एवढं बोलून त्याला आपण काहीतरी बोललो असं वाटलं. ताईला भावाची कीव आली नाही. कीव यायला समोर थोडाफार गोंधळलेला माणूस लागतो, आणि हा तर नाकाने कांदे सोलत बसला होता.

राखणदार आला. ताई विरोधात होती म्हणून राखणदाराच्या चाव्या तिच्याकडून काढून घेतल्या गेल्या. "तू भावनिक होतेस," धाकटा म्हणाला. तिचं मशीनही बदललं; ऑफिसात एकच सिस्टिम हवी, विकतची, असा हुकूम निघाला. चाव्या देताना ताईने एवढंच सांगितलं, "नियम लावताना 'फक्त खेळाडू' ठेव. 'सर्व' करू नकोस. सर्व म्हणजे सर्व, आपले सर्व्हरसुद्धा. तेही हाच गेम चालवतात, नुसतं चित्र नसतं." धाकटा तेव्हा फोनवर मुलाखतीची वेळ ठरवत होता. त्याने अंगठा वर केला.

त्याच आठवड्यात खुल्या सिस्टिमवरचे सगळे खेळाडू बाहेर काढले गेले. नुसते बाहेर काढले असते तरी एक वेळ ठीक. पण भोंग्याच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली की लोकांना विश्वास वाटायला हवा, तर कारवाई दिसायला हवी. म्हणून काढलेल्या प्रत्येकाच्या नावाभोवती काळी चौकट आली आणि खाली शब्द आले: 'लबाड. कायमचा बाद.' जगात कुणालाही दिसतील असे.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. बाबा सहसा ऑफिसात उतरत नसत. केस विंचरलेले होते. ते धाकट्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "मी काय लबाडी केली?"

सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघायला लागलं. धाकटा उठला. "बाबा, तुमचं नाही हो ते. ते आपोआप झालंय. सिस्टिममुळे."

"काय?"

"सिस्टिममुळे!" धाकटा ओरडला.

"मी विचारलं, मी काय लबाडी केली? वेळ काढला? खोटंखोटं पडलो? काय केलं?"

"काहीच नाही!"

"मग तसं का लिहिलंय?"

धाकट्याने घाईघाईने मशीन पुढे ओढलं. "थांबा, तुम्हाला विकतच्या सिस्टिमचं नवं मशीन आणू, तुमचं नाव मी आत्ता सोडवतो. तुमचं एकट्याचं. विषय संपला."

हे बाबांना नीट कळावं म्हणून त्याला दोनदा ओरडावं लागलं. कळलं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते ताईने लहानपणी मैदानावर पाहिलं होतं, पंचाच्या हातात काही सरकवू पाहणाऱ्या एका संघमालकासमोर.

"बाकीच्या तिघांचं काय?"

"त्यांना मी ओळखत नाही, बाबा."

"मी ओळखतो. त्यांच्या नावापुढे लबाड आणि माझ्यापुढे नाही, का? तर मी मालकाचा बाप." बाबा जिन्याकडे वळले. "असल्या पंचाला आम्ही चहासुद्धा विचारत नव्हतो."

आणि ते वर गेले. त्या दिवसापासून ते पुन्हा खिडकीशी बसायला लागले. केस विंचरायचे बंद झाले. ताई वर गेली की कॉम्प्युटर चालूच दिसायचा, आणि पडद्यावर गोदीचं पान, काळी चौकट, चौकटीत 'शिट्टी'. ते मिटवत नसत. "बंद करा ना बाबा," ती एकदा म्हणाली. त्यांना ऐकू आलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही. ताईला भावाचा राग येत होता तो इथे. गेम बुडाला तर दुसरा लिहिता येईल. जन्मभर एक खोटी शिट्टी न वाजवलेल्या माणसाला पोटच्या पोराने चारचौघांत लबाड म्हटलं होतं, आणि ते पुसायची चावी फक्त त्या पोराकडे होती. तो ती खिशात घालून फिरत होता.

त्या धाकट्याची मुलाखतीत सांगायची एक ठरलेली गोष्ट होती. शाळेचा अंतिम सामना, पंच म्हणून बाबा, आणि बाबांनी त्यालाच, सख्ख्या मुलाला, चेंडूला हात लावला म्हणून लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. "तिथे मी शिकलो," तो गहिवरून सांगायचा, "नियम म्हणजे नियम." मुलाखत घेणारे माना डोलवायचे. गोष्ट खरी होती. फक्त अर्धी होती. उरलेली अर्धी ताईने प्रेक्षकांत बसून पाहिली होती, आणि ती त्याने कधीच कुणाला सांगितली नव्हती.

गोदी बाजारात यायचा दिवस उजाडला. ऑफिसात फुगे, केक, भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर या क्षणी किती जण खेळतायत त्याचा आकडा. गावभरचे लिहिणारे-बोलणारे बोलावले होते. दुपारी गेमचं दार उघडलं आणि आकडा भराभर चढायला लागला. भोंगा प्रत्येक हजारावर टाळी वाजवत होता.

मग भोंगा धाकट्याच्या कानाशी लागला. काढलेले काही फुकटे म्हणे नवीन नावं घेऊन पुन्हा आत शिरतायत. पाहुण्यांसमोरच त्यांना दणका द्यावा, बातमी होईल. धाकट्याला ते पटलं. असल्या गोष्टी त्याला लगेच पटायच्या. त्याने सगळ्यांना पडद्यापाशी बोलावलं, राखणदाराचं पान उघडलं आणि खुल्या सिस्टिमच्या नियमापुढे जिथे 'फक्त खेळाडू' लिहिलं होतं, तिथे बोट ठेवलं.

"आमच्याकडे कुणालाही सूट नाही," तो म्हणाला, आणि त्याने 'सर्व' केलं.

कोपऱ्यात ताईच्या हातात केकची बशी होती. तिने ती खाली ठेवली.

राखणदार इमानी निघाला. त्याला सांगितलं होतं खुल्या सिस्टिमवरचं प्रत्येक मशीन बाहेर काढ, आणि गोदीचा प्रत्येक सर्व्हर खुल्या सिस्टिमवर होता. त्याने एकेक सर्व्हर उचलून बाहेर टाकला. चालू सामने जहाजांसकट गायब झाले. आकडा गडगडत खाली आला आणि शून्यावर थांबला. आणि पडद्यावर, जिथे बाद झालेल्यांची नावं यायची तिथे, कंपनीच्या स्वतःच्या मशीनची नावं ओळीने आली. प्रत्येकाभोवती काळी चौकट. 'लबाड. कायमचा बाद.'

कुणीतरी पाहुण्याने फोटो काढला.

"काय झालं? नेट गेलं का?" भोंग्याची पाचावर धारण बसली होती. "सगळी मशीन बंद करून चालू करा! सगळी!"

बंद करून चालू करणं हे भोंग्याला येणारं एकमेव तांत्रिक काम. आणि धाकट्याने ते करायला लावलं! आता, गेम बाजारात आणायच्या गडबडीत ऑफिसातल्या प्रत्येकाने विकतच्या सिस्टिमचं अपडेट 'नंतर, नंतर' करत कित्येक आठवडे टाळलं होतं. सिस्टिम त्याचीच वाट बघत बसली होती. मशीन बंद होऊन चालू झाली आणि खोलीतल्या झाडून सगळ्या पडद्यांवर एकच वाक्य आलं: अपडेट चालू आहे, कृपया मशीन बंद करू नका. धाकट्याच्याही.

"थांबव हे!" तो ताईवर खेकसला.

"माझ्या हातात नाही. मशीन तुझं आहे, पण ते कधी काम करणार हे तू नाही ठरवत. हीच सिस्टिम हवी होती ना तुला?"

"ताई, टोमणे नंतर मार. आपले सर्व्हर तेवढे सोडव."

"पुन्हा 'फक्त खेळाडू' केलं तरी बाद झालेले बादच राहतात. खेळाडूचं एखादं नाव आपण सोडवू शकतो, पण सर्व्हर सोडवायला राखणदारवाल्यांची मंजुरी लागते, आणि ती मिळायला दिवस जातात. आपल्या हातात एवढंच आहे, सगळा नियमच काढायचा. तो काढला की सगळे सुटतील, सर्व्हरही आणि माणसंही. चावी तुझ्याकडे आहे. फोनवर ते पान उघडत नाही. चालू मशीन लागेल."

धाकट्याने खोलीभर पाहिलं. फुगे होते, पाहुणे होते, अर्धा कापलेला केक होता. चालू मशीन नव्हतं.

मग त्याची नजर छताकडे गेली.

बाबा खिडकीशी होते. मुलगा धापा टाकत वर आला, मागून ताई, जिन्यात भोंगा. धाकट्याने विचारलं नाही; कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत धाडकन बसला. पडद्यावर चौकट होतीच. त्याने ती बाजूला सारली, राखणदाराचं पान उघडलं, चावी घातली. जुन्या मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. नियम काढायच्या बटणाआधी पानाने विचारलं: खेळाडूंना कारण कळवा. ते लिहिल्याशिवाय बटण उमटत नव्हतं.

तोवर बाबा येऊन त्याच्या मागे उभे राहिले होते.

धाकट्याने टाइप केलं, 'काही तांत्रिक अडचणींमुळे'.

"कसली अडचण?" बाबांनी मागून मोठ्याने विचारलं.

"सर, 'चूक' शब्द बिलकूल नको!" जिन्यातून भोंगा. "गैरसोयीबद्दल दिलगीर, एवढंच!"

बाबांना भोंगा ऐकू आला नाही. भोंग्याच्या बाबतीत कान जाणं ही एक सोयच होती. ते पडदा वाचत होते. "मैदान ओलं होतं, ऊन डोळ्यांवर होतं, असं सांगणारे पंच मी खूप पाहिले. खोड ते."

"बाबा, खाली सगळं बंद पडलंय! हजारो लोक..."

"खोड."

धाकट्याने खोडलं. मग तो नुसताच बसून राहिला. बोटं अक्षरांवर, आणि लिहायला काही नाही.

"शाळेचा तो सामना," बाबा म्हणाले. "तू सगळीकडे सांगत असतोस. ताई दाखवते मला वाचायला. मी तुला बाहेर काढलं. मग काय झालं?"

धाकट्याने बोटं अक्षरांवरून काढून घेतली.

"तू रडत रेषेबाहेर गेलास. मी रेषेवरच्या पंचाला विचारलं. तो म्हणाला, हात नव्हता, खांदा होता. तेव्हा मी काय केलं?"

ताईला ते स्वच्छ आठवत होतं. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत बाबा मैदानाच्या मधोमध गेले. लांब शिट्टी वाजवली. दोन्ही संघ, शिक्षक, पालक, सगळे गप्प झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि शेवटच्या ओळीपर्यंत जाईल अशा आवाजात एक वाक्य बोलले. मग रेषेपाशी जाऊन मुलाला हाताला धरून आत आणलं. त्या सामन्यात धाकट्याने गोल केला होता. तोही तो कुणाला सांगत नसे, कारण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

"काय बोललो होतो मी?" बाबांनी विचारलं.

धाकट्याची मान खाली गेली होती. तो पुटपुटला, "चूक माझी."

"मला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. "लिही."

त्याने लिहिलं. 'चूक माझी. ज्यांना लबाड म्हटलं, त्यांतलं कुणीही लबाड नव्हतं.' मग खाली स्वतःचं नाव घातलं. जिन्यातून भोंगा काहीतरी विव्हळला. बटण उमटलं. धाकट्याने ते दाबलं.

खालून आरडाओरडा ऐकू आला, आकडा हलला असणार. इथे वर पडद्यावर गोदीचं पान पुन्हा पुढे आलं, तेव्हा शिट्टीभोवती चौकट नव्हती. बेकरीवाल्याचं नाव उजळलं. मग डॉक्टरचं. टोळीतला 'जिना' अजून आला नव्हता. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, 'क्रेन रिकामी आहे.'

धाकटा तसाच बसून होता. डोळे पुसत होता की घाम, ते ताईने पाहिलं नाही, पाहायची तिला इच्छाही नव्हती. बाबांनी खिशातून कंगवा काढला, केस मागे वळवले आणि मुलाच्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं.

"झालं ना? मग ऊठ आता. ही माझी खुर्ची आहे."